निरोपाच्या दिवशीची जलनेती

तुम्ही जलनेती करता ते चांगलंच आहे, पण नंतर नाक नीट शिंकरून कोरडं केल्याशिवाय घराबाहेर पडू नका. मी एकदा पडलो, तो थेट सटाण्याला पोचलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सर्दीला कंटाळून मी रोज सकाळी मिठाचं कोमट पाणी एका नाकपुडीतून ओतून दुसरीतून काढत असे. आमच्या नाशिकच्या ऑफिसातले साहेब म्हणजे माझी दुसरी सर्दी, कशानेच न जाणारी. अखेर त्यांची बदली सटाण्याला झाली. निरोप समारंभाच्या सकाळी मी आनंदाच्या भरात जरा जास्तच पाणी ओतलं आणि नाक न शिंकरताच ऑफिस गाठलं.

हार घालून साहेबांच्या पाया पडायला वाकलो आणि नाकात दडून बसलेलं सगळं पाणी त्यांच्या बुटांवर! डोळे तर आधीच लाल झालेले.

"अहो गायधनी, रडताय काय असे!" साहेबांनी मला उठवून छातीशी धरलं.

"साहेब, हे नुसतं मिठाचं पाणी आहे हो."

"मग अश्रू दुसरं काय असतात?"

मागून जोशीबाई पुटपुटल्या, "नाटकी मेला!"

महिन्याभरात माझ्याही हातात सटाण्याच्या बदलीची ऑर्डर पडली. इतका जीव लावणारा माणूस मागे कसा ठेवायचा, म्हणून साहेबांनीच वर शब्द टाकला होता. हजर व्हायला गेलो, तर स्वागताला साहेब दारातच उभे.

"या, या! आता का रडताय, गायधनी?"

त्या दिवशी मी नेती केली नव्हती.