दाराच्या अलीकडचे

हिन्रिक : पाना खाली ठेवणार नाही. आणि त्या व्हॉल्व्हला हात लावलात ना साहेब, तर हाच पाना डोक्यात घालीन!

रेश्के : हिन्रिक, हा हुकूम आहे. पाणी आत घ्यावंच लागेल.

हिन्रिक : हुकूम! पाणबुडी तळाला जाऊन बसली, पण यांचा हुकूम अजून तरंगतोय. ऐकलंस का लुट्झ?

लुट्झ : भांडू नका रे. आधीच हवा कमी... पाय फार ठणकतोय.

हिन्रिक : साधा सराव होता आज. धुक्यात आपल्याच जहाजानं धडक दिली. तिथवर समजू शकतो मी. पण दार? मधलं दार यांनी लावलं! सगळे पलीकडे राहिले, माझा मेहुणा योस्टसुद्धा. ठोकत होता तो दार. मी ऐकलं.

रेश्के : मीही ऐकलं.

हिन्रिक : मग उघडलं का नाहीस?

रेश्के : उघडलं असतं तर पाणी इथंही घुसलं असतं. आत्ता भांडायलाही कुणी उरलं नसतं.

हिन्रिक : वा! तेव्हा पाणी येईल म्हणून माणसं पलीकडे कोंडलीस, आणि आता त्याच पाण्याला आत बोलावतोस?

रेश्के : डोक्यावरचं झाकण बघ. त्याच्यावर समुद्र बसलाय. दहा जणांनी रेटलं तरी हलायचं नाही. पाणी आत चढलं की इथली हवा दाबली जाईल. आतला जोर बाहेरच्याइतका झाला, की मग उघडेल.

हिन्रिक : वर्गात फळ्यावर उघडत असेल.

रेश्के : फळ्यावर नाही, याच किलच्या बंदरात. आपल्या जर्मनीची पहिली पाणबुडी इथंच बुडाली, पणजोबांच्या काळात. नुसता लोखंडी डबा, माणसांनी चाक फिरवून चालवायचा. तिघं आत अडकले. पाणी चढू दिलं, आणि तिघंही जिवंत वर आले.

लुट्झ : तिघंच होते? आपल्यासारखे?

रेश्के : आणि आपल्यासारखेच एकमेकांवर उठले होते, म्हणतात.

हिन्रिक : त्याला जवळजवळ शंभर वर्षं झाली! मधे डिझेल आलं, टॉर्पेडो आले, अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत धडक मारून आलो आपण. आणि स्वतः बुडालो की उपाय तोच, डब्यातला?

रेश्के : तोच. दुसऱ्यांना बुडवायचं तेवढं शिकत राहिलो.

लुट्झ : हिन्रिक... पाणी येऊ दे. इथं असं गुदमरून नाही जायचं मला.

हिन्रिक : मोडक्या पायानं वर कसा जाशील?

रेश्के : त्याला मी नेईन.

हिन्रिक : तू? तुझ्या हातात मांजरसुद्धा देणार नाही मी! लुट्झला मी नेतो. तू सगळ्यांच्या मागून.

रेश्के : कबूल. फिरव व्हॉल्व्ह.

हिन्रिक : वर गेल्यावर गप्प बसणार नाही. दार कुणी लावलं, ते बंदरभर सांगेन.

रेश्के : सांग. पण त्यासाठी वर जावं लागेल ना? फिरव!

लुट्झ : आई गं! बर्फ आहे हे!

रेश्के : गळ्यातल्या श्वासाच्या पिशवीची नळी तोंडात धर, लुट्झ. सोडू नकोस. हिन्रिक, झाकणाला हात लावू नकोस. अजून नाही.

हिन्रिक : गळ्याशी आलं!

रेश्के : थांब.

हिन्रिक : हरामखोरा, आम्हालाही मारतोयस!

रेश्के : थांब म्हणतो ना! ...आता. रेट!

(वर. धुकं. मासेमारीची एक होडी.)

कोळी : दोरी धरा, दोरी! अरे देवा, कुठून आलात तुम्ही?

हिन्रिक : आधी याला घ्या, बाबा. पाय मोडलाय. सावकाश.

कोळी : आणि तो मागचा? कानातून रक्त वाहतंय त्याच्या.

हिन्रिक : ओढा त्यालाही.

कोळी : आले सगळे? की आणखी कुणी यायचंय?

रेश्के : नाही. कुणी नाही. चला.

हिन्रिक : त्याचं ऐकू नका, बाबा. थोडं थांबा.