वाय के ओ ही बाई कोण?

माननीय अध्यक्ष मिलिंदसाहेब, त्या मशीनवर वड्यांचे ट्रे कोणी ठेवले ते आधी सांगा. प्रमुख पाहुण्या डॉक्टर शशीताई, सेक्रेटरी अर्चनाताई, आज ज्यांचा निरोप आहे ते आपले जयंतराव, आणि लंडनच्या या हाउन्सलो मराठी मंडळातल्या समस्त बंधू-भगिनींनो, नमस्कार. वर टेबलक्लॉथ घातला म्हणून ते टेबल होत नाही. काचेच्या फटीतून चटणी आत गेली तर काय होतं, आहे कुणाला माहीत? जयंतरावांना आहे. पण ते शाल पांघरून गप्प बसलेत. ते नेहमीच गप्प बसतात, म्हणून मला उभं राहावं लागलं.

मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यातलं एक वड्यांवर गेलं. मुलीनं मला भाषण लिहून दिलं होतं, "सत्कारमूर्तींचे बहुमोल योगदान" वगैरे. मी चौथी शिकलेली, ते माझ्या तोंडात बसेना. म्हणून हे माझं मीच लिहून आणलंय.

नव्या मंडळींना सांगते. हाय स्ट्रीटवर गेम्सचं एक आर्केड होतं, गेल्या वर्षी बंद झालं. मी तिथे सुट्टे द्यायच्या खिडकीत नऊ वर्षं बसले आणि जयंतराव मशीन दुरुस्त करायचे. त्यातलंच हे एक टेबलासारखं मशीन, आर्केड बंद झाल्यावर त्यांनी इथे आणून ठेवलेलं; वर काच, काचेखाली पडदा. खेळ होडीचा. या काठावरची माणसं त्या काठाला न्यायची, मध्ये ओंडके आणि भोवरे. पण खेळ संपला तरी होडी बुडत नाही. राहिलेली माणसं गाठोडी मांडीवर घेऊन काठावर बसतात आणि वाट बघतात. मी खाडीकाठची. होडी चुकली की आमच्याकडेही माणसं अशीच बसायची. मशीन तर जपानचं, हे तिथे कुणाला सुचलं असेल?

सकाळी दहाला मेन स्विच मी लावायची. मशीन चालू झालं की सगळ्यात जास्त गुणवाल्यांची पाच नावं यायची, प्रत्येकी तीन इंग्रजी अक्षरं. पहिलं नाव रोज एकच, वाय के ओ. दिवसभर पोरं खेळून तिला खाली ढकलायची आणि सकाळी ही बया पुन्हा वर! मला वाटलं, शटर ओढल्यावर कुणीतरी आत येऊन खेळतं. चाव्या तर आम्हा दोघांकडेच. मी सरळ विचारलं, "जयंतराव, ही वाय के ओ कोण? माझ्यामागे आत घेता तिला?"

ते लालबुंद झाले. "अहो सुप्रभाताई, काहीतरीच काय! आमच्या घरी बोलू नका हं हे. मशीन बंद केलं की कालचं सगळं विसरतं. ती पाच नावं आधीपासून आत भरलेली आहेत."

"कुणी भरली?"

"कंपनीनं."

"कंपनीला तीन अक्षरं कशाला हवीत? माणसं असणार. कोण माणसं?"

त्यांनी तिथेच मशीन उघडायला घेतलं. उत्तर आलं नाही की या माणसाला जेवण जात नाही.

मशीनच्या पोटात एक पत्र्याची पट्टी आहे, हामाओका वर्क्स, जपान. तेवढ्यावरून जयंतराव दोन वर्षं लायब्ररीत इंटरनेटवर बसले. मोठ्या कंपन्यांवर ढीगभर पुस्तकं आहेत, हामाओकावर एक ओळ नाही. पट्टीवरच्या पत्त्यावर पत्र टाकलं, ते परत आलं. मग कुठेतरी कळलं की ही कंपनी आधी मासळी बाजारासाठी तराजू बनवायची. म्हणून यांनी त्या गावच्या मासळी बाजाराला पत्र लिहिलं! मी हसले होते, कबूल करते. सात महिन्यांनी उत्तर आलं. बाजारात अजून त्यांचाच तराजू आहे आणि तिथल्या एका कोळणीला ही वाय के ओ बाई माहीत होती; तिनं आमचं पत्र तिला पोचवलं आणि उत्तर खुद्द त्या बाईनंच लिहिलं.

पत्र जपानीत. आता मी एअरपोर्टच्या कँटीनमध्ये असते. जपानी विमानाच्या काउंटरवरची एक मुलगी चहाला येते, तिनं उभ्या उभ्या वाचून दाखवलं. तिचा चहा गार झाला, पण ती हलली नाही.

वाय के ओ म्हणजे युकिको. माझ्याच वयाची, एकोणपन्नास. तराजूनंतर कंपनीनं स्टेशनवरची वजनाची मशीन केली. आपल्याकडे असायची बघा, नाणं टाकलं की तिकीट, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. ती खपेनाशी झाली तेव्हा मालक म्हणाला, नाणं कसं पडतं ते आपल्याला कळतं, त्याच्यामागे दुसरं काहीतरी लावू. अकरा माणसं, एक पत्र्याची शेड, चार खेळ. परदेशात गेला तो एकच, आपला होडीचा. युकिको एकोणिसाव्या वर्षी वायरी जोडायला लागली आणि काठावर माणसं बसवायची ती तिची कल्पना. ती लिहिते, "मालकांना होडी बुडवायची होती. मला माणसं बुडवायला जमेना."

नावं मात्र कुणाचीच लावायची नाहीत, असा मालकाचा नियम. नाव कळलं तर दुसरी कंपनी माणूस पळवेल ही भीती. म्हणून हा खेळ बनवणाऱ्या पाच जणांनी गुणांच्या यादीत आपली तीन-तीन अक्षरं गुपचूप घातली. पुढे कंपनी बुडाली, दोन दिवसांत शेड रिकामी झाली, सगळं कचऱ्यात. तिच्याकडे एक वायरसुद्धा नाही. मुलीला सांगितलं की मुलगी हसते, म्हणते आई थापा मारते. पत्राच्या शेवटी विचारलंय, "ते अजून चालतं का? सकाळी कोण चालू करतं? चालत असेल तर एप्रिलमध्ये मुलीला घेऊन येते. तिकीट काढायचं आहे, कळवा."

अर्चनाताई, चिठ्ठी मिळाली. वेळ संपली, कळलं. संपवते.

गेल्या महिन्याच्या मीटिंगमध्ये जयंतराव म्हणाले, मला शाल नको, मशीन तेवढं मागच्या खोलीत राहू द्या. मँचेस्टरला ते राहायला चाललेत त्या त्यांच्या लेकीच्या, कस्तुरीच्या फ्लॅटला तीन जिने आहेत, तिथे मशीन चढणार नाही. अध्यक्षसाहेब, तुम्ही म्हणालात, नवीन कार्पेट टाकायचंय, हे भंगार आहे, आणि जयंतराव गेल्यावर दुरुस्त कोण करणार? शुक्रवारी कौन्सिलची कचऱ्याची गाडी बोलावली आहे, मशीन न्यायला.

दुरुस्त मी करणार. जूनपासून दर रविवारी त्यांनी मला शिकवलंय. फ्यूज बदलता येतो, तुटलेल्या वायरीला डाग देता येतो, आतल्या सर्किटची कड खोडरबरनं घासून साफ करता येते. शाळेत खोडरबर फारसं माझ्या वाट्याला आलं नाही, आता येतंय. पटत नसेल तर वडे उचला, आत्ता उघडून दाखवते.

जयंतराव, तुम्ही कधी एका मशीनला भंगार म्हणाला नाहीत आणि मी अडाणी म्हणून कधी उत्तर टाळलं नाहीत. मँचेस्टरला तब्येत सांभाळा, आणि त्या पोरीच्या घरातला टोस्टर उघडू नका. मला इथे उभं राहू दिलंत म्हणून सगळ्यांचे आभार. लहान तोंडी मोठं बोलले असेन, वड्यांवरून आवाज चढला असेल, ते पोटात घाला.

पण उत्तर द्या. गुरुवारी, सोळा नोव्हेंबरला, संध्याकाळी सहापर्यंत. सातला ती एअरपोर्टवरची मुलगी मी सांगेन ते पत्र जपानीत लिहिणार आहे. "हो" असेल तर युकिकोबाई तिकीट काढतील. "नाही" असेल तर तेही कळवते. फक्त त्याखाली सही कमिटीची, आणि पूर्ण नावानं. तीन अक्षरं चालणार नाहीत.