ताटाएवढं 'हो', तिळाएवढं 'नाही'

बसा मंडळी, सरकून बसा! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. होकार म्हणजे काय हो? तोंडातून 'हो' निघालं — झाला होकार? पण त्याआधी आमच्या अटी! आख्यान ऐकायचं, मधे डुलकी काढायची नाही, संपल्यावर सतरंज्या गुंडाळून, मंडप झाडूनच घरी जायचं — कबूल? "कबूल!" वा, काय आवाज! मृदंगमहाराज, धरा ठेका —

हातें दिधला होकार । मना नाही समाचार ॥

तर ऐका! कऱ्हाडात दामूअण्णा रेठरेकर, लग्नं जुळवणारा माणूस. पूर्वी वहीत स्थळं असायची, मग अण्णांनी वेबसाइट काढली. बनवली कुणी? त्यांच्याच एकुलत्या एका लेकीनं, मंजिरीनं! आता वेबसाइट काय करते ठाऊक आहे? तुम्ही स्थळं बघायला जाता, ती तुमच्याच मोबाइलात गुपचूप एक चिठ्ठी ठेवते. कुकी म्हणतात तिला. कोण आलं, कुणाचा फोटो किती वेळ न्याहाळला — सगळं टिपलेलं! मागचे काका, हसू नका, तुमचीही चिठ्ठी आहे!

मग आला कायदा. विचारल्याशिवाय चिठ्ठी ठेवायची नाही! वकिलांनी बजावलं, "अण्णा, 'हो' जितकं सोपं तितकंच 'नाही' सोपं ठेवा. गप्प बसला म्हणजे होकार, असं धरू नका. नाहीतर वेबसाइट बंद पडेल!"

अण्णा घरी आले. "मंजे, 'हो'चं बटण कर केशरी, ताटाएवढं! 'नाही' कर करडं, तिळाएवढं. आणि ठेव पाच पानं आत!"

"अण्णा, लोकांना सापडायचं कसं?"

"सापडू नये म्हणूनच तर!"

पोरीनं निमूट केलं. आणि काय सांगू — शंभरातले नव्व्याण्णव 'हो'! अण्णा मिशीला पीळ देत म्हणतात, "बघ, केवढा विश्वास लोकांचा!" विश्वास? अहो, त्या बिचाऱ्यांना बाहेर पडायची वाटच दिसत नव्हती!

पुढच्याच रविवारी मंजिरीला बघायला मिरजेची मंडळी आली. मामा, काका, मावश्या — अकरा माणसं! मुलगा कोपऱ्यात, घाम पुसत. बैठकीत साखरपुड्याची साडी, नारळ, पेढे आधीच मांडलेले. कार्यालयसुद्धा धरून ठेवलेलं! मुलीला विचारलं कुणी? छे! मंजिरी पोहे घेऊन आली, तसे मुलाचे मामा म्हणाले, "मुलीचा होकार आहे ना?"

"अहो, गप्प आहे म्हणजे होकारच की!" — अण्णा!

मंजिरीनं ट्रे खाली ठेवला. पोरीच्या जन्माचा प्रश्न हो! हळूच म्हणाली, "अण्णा, 'नाही' कुठं दाबायचं?"

अण्णांनी साडीकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, लेकीच्या तोंडाकडे पाहिलं — आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. उठले. साडी, नारळ, पेढे, सगळं उचलून आत ठेवलं. परत येऊन लेकीसमोर बसले. "मंजे, विचारायचंच राहिलं माझं. हो की नाही? काहीही सांग, मी रागावणार नाही."

"नाही, अण्णा."

आणि कोपऱ्यातून नवरदेवाचा सुस्कारा — "बरं झालं! मलाही कुणी विचारलं नव्हतं!"

त्याच दिवशी दोन्ही बटणं शेजारीशेजारी, एका मापाची झाली. होकार निम्म्यावर आले. अण्णा म्हणाले, "असू देत. निदान खरे तरी आहेत."

हसताय? आता तुमचं बघू! मघाशी 'कबूल' म्हणून ओरडलात — कशाला? सांगा ना! नाही आठवत? सतरंज्या गुंडाळायच्या, मंडप झाडायचा! काय झालं, आत्ताच कंबर धरली? पण मी पहिल्या अण्णांसारखा नाही. पुन्हा विचारतो. उजवीकडे खराटे, डावीकडे दार. दोन्ही सारखीच जवळ, आणि जाणाऱ्यालाही प्रसाद तेवढाच. बोला, काय म्हणता?

बघा, आता कुणी ओरडलं नाही! करा, विचार करा. मी थांबलोय.