सल्काच्या उशाचा पाटा

— आणि हळू ठेव, आपटू नकोस! हं, तिथे, चटईवर. आता हात काढ. काढ म्हणते ना! एवढा शिकलेला माणूस, राजधानीतून, नुआकशोतहून गाडी घेऊन आलास, चष्मा काय, टोपी काय — आणि कबरीवरचा दगड गाडीत घालताना हात नाही झडले तुझे? काय? चहा? चहा नाही मिळायचा. ह्या मेहजूबाच्या तंबूतून चहा न घेता आजवर कुणी गेलेलं नाही, वाट चुकलेला उंटवाला नाही, की ती उन्हानं लाल झालेली गोरी माणसं नाहीत — तू पहिला. जा, सांग सगळ्या वादान गावात.

जुना आहे? अरे, किती जुना ते मला नको शिकवूस. दरवर्षी येता तुम्ही, हा सगळा गेल्बचा मुलूख पालथा घालता. आभाळातून म्हणे डोळ्यासारखा दिसतो, कड्यात कडं, कड्यात कडं — दिसेना का! आम्ही काय आभाळात राहतो? आम्हाला इथून टेकड्या दिसतात, आणि पाणी कुठे नाही ते दिसतं. त्या दगडी कुऱ्हाडी वेचता, फडक्यानं पुसता, लेकरासारख्या कापसात गुंडाळता — गुंडाळा की! माझी शेजारीण त्याच विकते रस्त्यावर बसून, मी कधी तोंड उघडलं? खाली मैदानात पडलंय ते कुणाचंच नाही, ज्यांचं होतं ते कधीच गेले. पण हा पाटा त्यांचा नाही. असेल, आधी असेल त्यांचा. माझ्या आजीच्या आईला वाळूत सापडला, आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या बायकांनी दळलंय ह्याच्यावर. बाजरी दळली, शेळ्यांना खजुराच्या बिया भरडल्या. इकडे बघ — हात नको, नुसतं बघ — डावीकडे जास्त खोल गेलाय ना? माझी आई डावरी होती. लिही आता तुझ्या कागदात, डावरी होती म्हणून.

कबरीवर कसा गेला? मीच दिला. माझी सल्का गोवरानं गेली. ह्याच्याशेजारी बसून वाळू दळायची ती, माझी भाकरी झाली म्हणायची, बापाला खायला लावायची. पुरुष तिला घेऊन निघाले तेव्हा मी तंबूची दोरी धरून उभी होते — आमच्यात बाई जाते का कबरस्तानात? तुझी आई गेलीय का कधी? मग! विचारतोस काय? — भावाला म्हटलं, एवढा पाटा ने, तिच्या उशाला लाव. त्यानंतर मी ह्याच्यावर दळलं नाही, उखळात कुटते. आणि आमच्यात कबरीवर नाव नसतं, ते तुला ठाऊक आहे, तूही आपल्यातलाच आहेस, साहेब झालास म्हणून काय झालं. त्या टेकडीवर सगळ्या कबरी सारख्या. दगडांची रांग, उशाला एक उभा दगड, संपलं. पाटा असेल ती सल्का. तो काढलास तर तिथे कोण आहे? कुणीही आहे! कुणाचीही आहे!

दाखवू कशी? मी बघितलीय का जागा? भाऊ गेला. नवरा तिकडे बंदरावर दुसरा संसार मांडून बसलाय, त्याच्या दारात मी मेले तरी जाणार नाही. उरला एकटा माझा सिदाती. तेव्हा मामाचं बोट धरून गेला होता, एवढासा. आता दर ईदेला तोच जातो, वाऱ्यानं हललेले दगड लावून येतो, बहिणीपाशी दुआ म्हणतो, आणि परत येऊन मला सांगतो — आई, पाटा जागेवर आहे. ह्या ईदेलाही सांगितलं. मी विचारायच्या आधीच सांगितलं. म्हणजे तू नंतर येऊन उचललास. बोल! आता बोल!

विकत घेतलास? वा रे वा! चोर म्हणे विकत घेतला. कुठे? वादानच्या बाजारात? पाटे कधीपासून विकायला लागले तिथे? कधी घेतलास? — ईदेच्या आधी? खोटं! अरे, ईदेच्या आधी कसा घेशील, ईदेला तो होता की तिथे, माझ्या मुलानं डोळ्यांनी बघितला! — हो, हो, ऐकलं, कुठल्या जागेवरचा ते विचारत तू तंबू-तंबू हिंडतोयस. कुणी विकला तुला? नाव? नाव नाही विचारलंस. दगडाचं वय विचारता, माणसाचं नाव विचारत नाही तुम्ही. फोटो? आहे? दाखव. दाखव, घाबरते की काय मी?

हा... हा नाही. मी नाही ओळखत ह्याला. डोक्याला एवढं फडकं गुंडाळलं की कुणीही कुणासारखा दिसतो. घे तुझा फोन. घे म्हणते. — नाही, थांब, दे परत. मोठं होतं ना ते चित्र? कर मोठं. तो खांदा कर. ... काळा दोरा नव्हता घरात. निळ्यानं शिवला होता मी. म्हटलं, कोण बघतंय.

ईदेला हा मेल्हफा आणला त्यानं. हा, अंगावर आहे तो. मी म्हटलं, एवढा भारी कशाला रे, कुठून आणलास? तर म्हणाला, काम मिळालं होतं आई, तू नेस. आणि मी नेसले, आणि सगळ्यांना पदर धरून धरून दाखवला! अल्ला! पोरीचं उसं अंगावर घेऊन मिरवले मी गावभर! — गप्प बस. तू त्याला चोर म्हणायचं नाहीस. तुझी जीभ झडेल. त्याला काय म्हणायचं ते मी म्हणेन. आणि तू कशाला परत आणलास? आं? चांगुलपणा करायला आलास? न्यायचा होतास, तिकडे काचेत मांडायचा होतास, मला कधी कळलंही नसतं. दर ईदेला त्यानं म्हटलं असतं जागेवर आहे, आणि माझ्यासाठी तो असता जागेवर. डोळे फुटले होते का तुझे, माझाच तंबू दिसला?

ऐक. नीट ऐक, सिदाती विहिरीवर गेलाय, येईल एवढ्यात. जागा त्याला एकट्याला ठाऊक आहे. मी त्याला विचारलं — तूच का रे विकलास — तर तो मान वर करणार नाही. ओळखते मी त्याला. रातोरात सोन्याच्या खाणींकडे निघून जाईल, नाहीतर समुद्रापार नेणाऱ्या त्या होड्यांकडे, आणि मग पोरगी कुठे ते कळणार नाही आणि पोरगाही नाही. मला दोघंही हवीत. तर पाटा तू उचललास. टेकडीवरून. ईदेनंतर. विकत नाही, बाजार नाही, फोटो तर नाहीच — पुसून टाक तो, माझ्यादेखत पूस. गेला? नक्की? आणि आता तुला जागा आठवत नाही, सगळ्या कबरी सारख्या दिसतात म्हण. मग तोच नेईल तुला. आवडत नाही? तुला चोर म्हटलेलं आवडत नाही? मला काय आवडतंय रे आज! मी कुणाच्या पाया पडत नाही. पडायला लावू नकोस.

आला. तो बघ, गाढव दिसतंय. मान घाल खाली. आणखी. —

मेल्या! मुडद्या! निर्लज्जा! हात झडतील तुझे, बघशील तू! लेकराच्या उशाला हात घालतोस? सिदाती, आलास बाबा? ये, बघ ह्या माणसानं काय केलं ते. सल्काचा पाटा! ईदेला तू लावून आलास ना नीट, त्यानंतर उचलला ह्यानं, आणि तोंड वर करून सांगतो, जागा आठवत नाही! तू जा ह्याच्याबरोबर. पाणी असू दे, मी उतरवते. उचल पाटा — तू नाही रे चोरा, तू हात लावायचा नाहीस! — सिदाती, तू उचल. तूच लाव तिच्या उशाला. हळू. डावी बाजू वर ठेव.

काय बघतोस माझ्याकडे? जा.