काठी मीच हालवली

मंडळी, तुम्ही सारे आले. भोयर साहेबांच्या बाईसाहेब समोर बसल्या हायेत. मले भाषण येत नाही. साहेब जाऊन तीन दिवस झाले, रडूही येऊन नाही राहिलं. नुसतं बधिर वाटते. पण बोलू द्या मले.

मी शंकर. भोयर साहेबांच्या मोजणीतला खलाशी, हाताखालचा गडी. साहेब दुर्बिणीतून पाहत, समोर आकड्यांची काठी मी धरो. पश्चिमेच्या टेकड्यांपासून तर नाग नदीपर्यंत सारा नाला आम्ही पायी मोजला. साहेब म्हणत, "शंकर, टेकडीची पाठ म्हणजे डोक्याचा भांग हाय गा. इकडचं पाणी आपल्या नाल्यात, तिकडचं दुसऱ्याच्या." नकाशात आधी तो भांग काढत, मंग नाला.

काठीचा एकच नियम. साहेब दुर्बीण पुढं नेत, तवा काठी जागची हालवायची नाही; पुढची सारी उंची तिच्यावरूनच धरत. एक दिवस उन्हात मले तहान लागली. काठी घेऊन नाल्यात उतरलो, पाणी पिलो, वापस आलो. जागा सापडली नाही. अंदाजानं उभी केली. हातभर खाली असन.

तेवढ्यानं पुढची सारी जमीन कागदावर हातभर उंच झाली. उंच म्हणून तिथं वस्ती बसवली. पावसाळ्यात नाला फुगला. घराघरात गुडघाभर पाणी. चूक कोणाची? साहेबांची, असं ठरलं. बढती गेली.

अन् मी? मी चूप. नोकरी कच्ची होती. भेव वाटे.

साहेब रजा काढून पुन्हा मोजायले गेले. मलेच घेऊन गेले. त्या जागी थांबले. "शंकर, इथं काठी हालली होती काय?"

म्या म्हणलं, "नाही साहेब."

साहेबांनी वही काढली. मंग म्हणाले, "तर माह्याच वाचण्यात चुकलं असन." वहीत तसंच लिहिलं. त्यायले समजलं नसन काय? समजलं होतं. तरी रिटायर होईपर्यंत काठी माह्याच हातात देत राहिले. एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

बाईसाहेब, साहेब चुकले नव्हते. वस्तीतले लोक मागं उभे हायेत, त्यायलेही सांगतो. माह्या मनाले आता लाजही वाटून नाही राहिली, एवढा सुन्न झालो.

साहेब, तुम्ही विचारलं होतं. हो. हालली होती.

मंडळी, दोन मिनिटं उभे राहू.