बिनपासाचा शनिवार

आम्ही मूळचे कवठे येमाईचे. धनगर. बापानं मेंढरं राखली, आज्यानं राखली, दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आन् कोकणात उतरायचं ते पाऊसकाळाच्या तोंडाला माघारी, त्यामुळं माझी शाळा म्हंजी निम्मं वरीस वर्गात आन् निम्मं वरीस मेंढरामागं, तरी सातवी पास झालो, कसा झालो ते गुरुजींनाच ठावं. पण मास्तर, हे लिवायला आलाय का तुम्ही? हे वसतिगृहाच्या मागच्या स्मरणिकेत आलंय, त्याच्या मागच्यात आलंय, धोंडिबा आबांचा खडतर जीवनप्रवास म्हणून, वर माझा फेटा बांधलेला फोटो. खडतर बिडतर काय नव्हतं. पोटाला दूध मिळत व्हतं. खडतर ते नंतरचं, आन् ते कुणी छापत न्हाई. आज मी सांगतो तसं लिवणार असाल तर लिवा, न्हाईतर वही मिटा, च्या प्या आन् राहूची गाडी पकडा.

तर वरवंडच्या पुढं हायवेला लोखंड ओतायचा कारखाना निघाला तवा मी तिथं हेल्पर लागलो आन् वरवंडातच बिऱ्हाड केलं. अक्षर बरं व्हतं म्हणून दोन वर्सांत स्टोअरला घेतलं. स्टोअर म्हंजी नटबोल्टापासनं हातमोज्यापर्यंत सगळं माझ्या खिडकीतनं जायचं. ओतकामाची काळी धूळ अशी असती मास्तर, की माणूस थुकला तरी काळं, म्हणून कंपनी परमनंट कामगाराला घसा साफ राह्यला रोजचा गूळ द्यायची आन् महिन्याला साबणाच्या वड्या. परमनंटलाच. ठेक्यावरल्या बायका संडास धुवायच्या, त्यांना वडी न्हाई. का न्हाई? तर त्या कंपनीच्या न्हाईत, ठेकेदाराच्या हाईत. मी सोता खिडकीतनं हेच उत्तर द्यायचो, आन् मला त्यात काय वावगं वाटायचं न्हाई.

त्या बायकांत सुभद्रा व्हती. सुभद्रा रामभाऊ गायकवाड, वरवंडातली, बौद्ध समाजाची. हे नाव नीट लिवा, मोठ्या अक्षरात लिवा. तिची थोरली बहीण आपल्या ह्या राहूच्या वसतिगृहात सैपाकाला. तवा वसतिगृह म्हंजी पत्र्याच्या दोन खोल्या, मेंढपाळांच्या पोरी ठिवायच्या, आईबाप मेंढरं घेऊन गेले की पोरींची शाळा मोडू ने म्हणून. आन् त्या पोरींना खरूज झालेली. बहिणीनं सुभद्राला सांगितलं, सुभद्रा माझ्या खिडकीशी आली. म्हणली, दादा, तुमच्याच मेंढरामागल्या पोरी हाईत, खाजवून खाजवून रगत काढत्यात, आन् हितं माणसांच्या कपाटात साबणाच्या वड्या उंदरं कुरतडत्यात. मी म्हणलं, मग मी काय करू? ती म्हणली, तुम्ही काय करू नगा, मला एक रिकामा डबा द्या.

एवढंच. सगळ्या ह्या कार्याचं मूळ म्हंजी तो ग्रीसचा रिकामा डबा, आन् तो मी दिला एवढंच माझं कर्तृत्व. तिनं तो घासला, कामगारांच्या न्हाणीच्या दारात ठिवला, आन् सुट्टीच्या टायमाला खराटा घेऊन शेजारी उभी राह्यची. टाका रे बाबांनो, टाका. कुणी नवी वडी टाकायचं, कुणी निम्मी झिजलेली. पोरं चेष्टा करायची. एक जण म्हणला, मावशी, माझी बायकोच टाकतो तुझ्या डब्यात. ती म्हणली, टाक की, तुझ्या तावडीतनं सुटल तरी बिचारी. सगळी न्हाणी हसली आन् त्यानं गपगुमान दोन वड्या टाकल्या.

आता कारखान्याचा नेम असा, की आतली वस्तू बाहेर न्ह्यायची तर गेटपास पायजे. सुतळीचा तोडा असला तरी पास. तो पास करायचा स्टोअरनं, म्हंजी मी. दर शनिवारी सुभद्रा पोतं घेऊन यायची, मी गुलाबी कागद फाडायचो, सही करायचो, ती गेटवर दावायची आन् हायवेला जाऊन पोतं एसटीत घालायची, पुढं बहीण उतरून घ्यायची. दीडेक वरीस असं चाललं. पोरींची खरूज गेली. हे बी लिवा.

मग तो शनिवार आला. कवठ्याला माझ्या पुतणीची सुपारी फोडायची व्हती. मला दुपारची गाडी धरायची, मी खिडकी लावत व्हतो, आन् ही पोतं घेऊन आली. म्हणली, दादा, पास. मास्तर, पास फाडायला काय लागतंय? तोंडात तंबाखू टाकायला जेवढा येळ लागतो तेवढा. पण पासबुक मी कपाटात ठिवून कुलूप घातलेलं, चावी पिशवीत, पिशवीत खाली धोतरजोडा आन् पेढ्याचा पुडा. मी म्हणलं, अगं जा, गेटवाले रोजचेच हाईत, कोण अडवतंय तुला. ती म्हणली, बघा बरं का दादा. मी म्हणलं, जा म्हणलं ना.

आन् त्याच दिवशी गेटवर नवी सिक्युरिटी आलेली. मला ठावं असायला पायजे व्हतं, त्यांचे नवे पट्टे आन् शिट्ट्या मीच सकाळी स्टोअरातनं दिल्या व्हत्या! सोताच्या हातानं दिल्या! आता काय म्हणावं ह्या डोक्याला?

पहिली शिफ्ट सुटत व्हती, दुसरी आत येत व्हती. तिला अडवली. पोतं उपडं केलं. वड्या सगळ्या गेटभर. ती म्हणली, स्टोअरच्या दादांनी सांगितलंय. ते म्हणले, दादांना बोलाव. दादा कुठं? दादा शिरूरच्या गाडीत खिडकीशी बसल्यात, वारा खात. तिला लुगड्याच्या निऱ्या झटकायला लावल्या, दोन शिफ्टच्या माणसांपुढं.

सोमवारी मला मॅनेजरनं बोलावलं. म्हणले, ही बाई म्हणती तुम्ही पाठवलं. त्या महिन्यात मी हेड स्टोअरकीपर व्हायचा व्हतो, कागद त्यांच्याच टेबलावर. मी म्हणालो, मला म्हाईत न्हाई साहेब.

झालं. तेवढंच बोललो. ते म्हणले, ठीक हाय. बोर्डावर नोटीस लागली, स्टोअरमधल्या मालाची चोरी, ठेक्यावरली महिला कामावरनं कमी. मी त्या बोर्डापुढनं जाताना मुद्दाम चपलेचा अंगठा बघत जायचो.

आन् मग मी काय केलं तर डबा चालू ठिवला. कशाला? तर लाज वाटली म्हणून. मला रातंदिवस वाटायचं की डबा बंद झाला तर लोकं इचारतील का बंद झाला. म्हणून मी सोता उभा राह्यलो न्हाणीच्या दारात. दर शनिवारी पास फाडायला लागलो, न चुकता, तीन-तीन प्रतीत! मग साबणाच्या जोडीला गणवेशाचा कपडा आला, कंपनीनं दिलेल्यातला जादाचा तागा कामगार द्यायला लागले, वसतिगृहातल्या पोरी कंपनीच्या निळ्या कपड्यात हिंडायला लागल्या. मग युनियननं ठरवलं, वर्सातनं एक दिवसाचा पगार कापून द्यायचा. त्यातनं पत्र्याचा स्लॅब झाला. नवीन साहेब आले, त्यांनी इचारलं ही कल्पना कुणाची, तर सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं, आन् मी हसलो. हसलो मास्तर. पाप झाकायला वाकळ घेतली आन् लोकांनी ती शाल म्हणून खांद्यावर घातली.

तवापासनं ही शाल आन् नारळ सुरू हाय. माझ्या घरात किती शाली हाईत बघा ट्रंकेत, म्हातारी म्हणती आता जावयांना बी पुरे झाल्या. आन् तुम्हाला वाटत आसंल मी कधी खरं सांगितलंच न्हाई. सांगितलं! रिटायर झालो त्या दिवशी कॅन्टीनात सांगितलं, हे काम सुभद्राबाईचं हाय, माझं न्हाई. तर टाळ्या! सूत्रसंचालन करणारा म्हणला, बघा, आबांचा मोठेपणा, श्रेय सफाई कामगाराला देतात. पुढल्या वर्सी वसतिगृहाच्या कार्यक्रमात सांगितलं, मी तिचा गुन्हेगार हाय. तर पाव्हणे उठले आन् माझ्या पाया पडले, म्हणले, असा नम्र माणूस तालुक्यात न्हाई. अरे, काय करावं ह्या लोकांचं! माणूस चोर हाय म्हणून बोंबलतोय आन् तुम्ही हार घालताय.

आता वसतिगृहाच्या नव्या हॉलला माझं नाव द्यायचं चाललंय. मी कमिटीत गेलो, म्हणलं सुभद्राचं द्या. अध्यक्ष आपलाच, माझ्या चुलत्याच्या घरातला. म्हणला, आबा, समाजाचं वसतिगृह, समाजाचा माणूस पायजे. मी म्हणलं, साबण लावताना पोरींनी समाज इचारला व्हता का? तर म्हणला, बरं, तिनं काय दिलंय ते दावा, देणगीदारांच्या यादीत तिचं नाव कुठं हाय? कुठनं आसंल? तिचा पगार कापायला ती परमनंट व्हती का? तिला साबण तरी मिळत व्हता का?

तवा मी तिच्याकडं गेलो. इतक्या वर्सांनी. एकाच गावात ऱ्हायलो आम्ही, आन् मी तिच्या आळीनं जायचं टाळून लांबच्या वाटेनं दळण आणलं. ती उंबऱ्यात बसली व्हती, शेंगा फोडत. कारखाना सुटल्यावर लोकांच्या रानात कांदे काढले तिनं, गुडघे गेलेत. मी हात जोडले, म्हणलं, सुभद्रा, माफ कर, मीच पास केला न्हाई आन् मीच न्हाई म्हणालो. ती शेंगा फोडायची थांबली न्हाई. म्हणली, हे मला कशाला सांगता? मी चोर न्हाई हे मला म्हाईतच हाय की. ज्यांच्यापुढं मला चोर ठरवलं त्यांना सांगा. दोन शिफ्टची माणसं उभी व्हती.

तवापासनं मी हिंडतोय. दोन शिफ्टची माणसं, मास्तर! कुणी वरवंडात, कुणी राहूला, कुणी माझ्याच कवठ्याकडं, कुणी वर गेलेले. एसटीनं जायचं, घर हुडकायचं, आन् दारात उभं राहून सांगायचं की बाबा, त्या दिवशी गेटवर ती बाई चोर नव्हती. एक जण ठार बहिरा, त्याची सून म्हणती काय ते मला सांगा, तिला सांगितलं तर म्हणती, आमच्या मामांनी काय चोरलं? एकानं मला लग्नाची पत्रिका वाटायला आलोय समजून बुंदी खायला घातली. एक म्हणला, आबा, शुगर वाढली का तुमची? पोरगं घरी ओरडतंय, बाबा, आता बास करा, लोकं हसत्यात. हसू द्या.

आन् मग शिरूरला लक्ष्मण भेटला. मोल्डिंगला व्हता, दुसऱ्या शिफ्टचा. त्याला बी हेच सांगितलं. तो म्हणला, आबा, मला तवाच ठावं व्हतं. मी म्हणलं, कसं ठावं? नोटिशीत तर स्टोअरचा माल लिवला व्हता. तो म्हणला, अहो, आम्ही न्हाणीत वड्या बदलू नेत म्हणून खिळ्यानं नाव कोरायचो. पोतं उपडं केलं तवा एक वडी घरंगळत माझ्या बुटापाशी आली, वर ल कोरलेला. माझीच. मीच आदल्या दिवशी डब्यात टाकलेली. मी म्हणलं, मग बोलला का न्हाई रे? तर म्हणला, आबा, पास करणारे तुम्ही. तुम्हीच बोलला न्हाई, मी कोण?

मग मागं गेलो पुन्यांदा त्यांच्याकडं, ज्यांना आधी सांगून झालं व्हतं. खोदून इचारलं. सगळ्यांना ठावं व्हतं. एकूणएक. आन् मी इतकी वर्सं मनाला समजूत घालत व्हतो की लोकांना खरंच चोरी वाटली आसंल, मी एकटाच काय तो खोटा.

हे तिला सांगावं का न्हाई, आठ दिवस इचार केला. सांगावं तर तिला जास्त लागंल, की ठावं असून एकानं तोंड उघडलं न्हाई. न सांगावं तर पुन्हा तेच, मला म्हाईत न्हाई साहेब. शेवटी गेलो. सांगितलं. ती म्हणली, ते मला त्याच दिवशी दिसलं व्हतं दादा. चोराला लोकं डोळे फाडून बघत्यात. ही सगळी माणसं खाली बघत उभी व्हती.

मग आत हाक मारून नातसुनेला म्हणली, दोन कप च्या ठिव गं. माफ केलं म्हणली न्हाई. मी बी इचारलं न्हाई. च्या पिलो आन् आलो.

तर असं हाय मास्तर. हॉलवर नाव कुणाचं लागंल ते तुमची कमिटी जाणे, माझ्याच्यानं कमिटीशी डोकं लावणं आता होत न्हाई. पण ह्या शनिवारी मी लक्ष्मणाला घेऊन वरवंडात तिच्या आळीला जाणार हाय, अजून चौघं तयार झाल्यात, बाकीचे म्हणत्यात बघू. तिच्या दारात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायचं, तिच्याकडं बघून. तेवढं झालं की मी मोकळा असं न्हाई, मोकळा काय मी होत न्हाई. तुमचं भलं हो, पोरींचं भलं हो. आन् हे लिवलेलं मला एकदा वाचून दावा. त्यात कुठं आबांचा मोठेपणा असं घातलं असंल तर आत्ताच खोडा, माझ्यासमोर खोडा.