मोगऱ्यात बसवली मेंढरं

…आणि वर त्यो नर्सरीवाला काय म्हणला असंल, सांगू? "एकदा लावलं की झालं!" म्हणला का न्हाय? व्हय ना? मग ठेवा ती जास्वंदीची पिशवी खाली आणि बसा हितं पारावर. घरी न्यायच्या आधी माझं ऐका. तुमाला सांगतो, अख्ख्या कन्हेरीत ते वाक्य माझ्याइतकं कुणी भोगलं न्हाय!

आता मी काय आळशी माणूस हाय का? हसू नका! आळशी न्हाय, कंटाळल्याला हाय, दोन्हीत फरक हाय. ऊस लावा, खुरपा, बांधा, मग कारखान्याच्या तोडणीवाल्यांची जावयागत वाट बघा… असल्या माणसाला देवानं बायको दिली कौसल्या, कौसल्याला म्हायेर दिलं शेळगाव, शेळगावात भाऊ दिला मानसिंग आणि मानसिंगाच्या नव्या बंगल्याफुडं दिली बाग! भाऊबीजेला गेली ती बागच डोक्यात घालून आली. "अहो, लोकांच्या दारात फुलं असत्यात, आपल्या दारात नुसता ट्रॅक्टर." मी म्हणलं, दसऱ्याला घालतो की ट्रॅक्टरला हार, ती काय फुलं न्हाईत? त्या दिवशी कालवणात मीठ नव्हतं. मी समजलो.

गेलो बारामतीला नर्सरीत. त्यो नर्सरीवाला, गळ्यात मफलर, बोलणं म्हंजे निस्तं लोणी. "जयवंतराव, झेंडूच्या नादाला लागू नका. दर साली मरणार, दर साली लावणार. तुमाला पायजेत बहुवर्षायू झाडं." मी म्हणलं, म्हंजे? "म्हंजे एकदा लावलं की झालं! पुन्हा बघायलाच नको." अवो, जल्मात मला इतकं गोड कुणी बोललं नव्हतं! लग्नात भटजी बी असलं काय म्हणला नव्हता! घेतला की हो मोगरा, लई मोगरा, शिवाय गुलाब, जास्वंद, कण्हेर, रातराणी, बोगनवेल…

घरी आणलं तर दारात आमचे आबा, म्हंजे वडील, खाटंवर बसल्यालं. "बोगनवेल? दारात काटं? घरात भांडणं लागत्यात. आन रातराणी? सापाला आवतण देतोस व्हय रं?" मग बोगनवेल गेली रानाच्या बांधाला. रातराणी दिली शेजाऱ्याला. दुसऱ्या दिवशी त्यानं बी आणून दिली परत, त्याच्या घरात बी आबा हायतच की!

ऱ्हायलेलं लावलं. कसं लावलं? ऊस लावतो तसं लावलं! मला दुसरं येतंय काय? सरी काढली, युरिया टाकला, कॅनॉलची पाळी आली की उसाचं पाणी फोडून आधी बागंत. आणि मोगरा आला म्हणता… कमरंएवढा! पान असं हिरवंगार की जाणारा-येणारा थांबून म्हणायचा, "जयवंता, टनेज किती पडंल रं?" आणि फूल? फुलाचं इचारू नका. उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला, एक कळी न्हाय! मी म्हणलं, एकदा लावलं की झालं म्हणलाय ना? मग हुईल!

पण कौसल्यानं काय करावं? फुडल्या दिवाळीला म्हायेरी गेली आणि समद्या बायकांत शब्द देऊन आली. मानसिंगाची श्रेया, हिची लाडकी भाची, तिचं लगीन वैशाखात ठरल्यालं. ही म्हणली, "हळदीला फुलं इकत आणायची न्हाईत. पोरीच्या डोक्यात, समद्या बायकांच्या डोक्यात, माझ्या दारच्या मोगऱ्याचं गजरं!" हाय का आता? झाडाला कळी न्हाय आणि ही गजरं वाटून मोकळी! त्यात भावजय हळूच म्हणली म्हणं, "वन्सं, कळ्या तरी धरल्यात का?" त्या 'तरी'नं घात केला बघा. घरी आली आणि मला म्हणती, "अहो, फुलं आली न्हाईत तर मी कुठल्या तोंडानं जाऊ? मी लग्नालाच जायाची न्हाय." आणि डोळ्यांत पाणी. चेष्टा ऱ्हाऊ द्या, पर अंगाखांद्यावर खेळवल्याली पोर हो ती!

इचारलं आबांना, खत कुठलं घालू? आबा म्हणले, "युरियानं निस्तं पान येतंय. लेंडीखत घाल." झालं! आता शाण्या माणसानं काय करावं? पाटी घ्यावी, खत आणावं, बुडात घालावं. पण माघाचा म्हैना, ऊस तुटून गेल्याला, आणि म्हस्कू धनगर त्याची मेंढरं घेऊन माझ्याच रानात बसवायला आल्याला. आपल्याकडची रीतच हाय की, मेंढरं रानात मुक्कामाला बसवली की रानाला आपसुक खत. मी म्हणलं, मग पाटीनं खत व्हायचं कशाला? मेंढरंच बसवू की बागंत! एकदा बसवली की झालं!

म्हस्कू डोकं खाजवत म्हणला, "तात्या, खातील वो ती." मी म्हणलं, दिसभर चरल्यात, पोटं भरल्यात, आता झोपतील. म्हस्कू म्हणला, "पोट भरलं म्हणून पंगतीतनं उठल्यालं मेंढरू म्या अजून बघितलं न्हाय." पण ऐकतोय कोण?

सकाळी उठून बघतो तर… कुठली बाग आणि कुठलं काय! मोगऱ्याची निस्ती खुटं! गुलाबाला पान न्हाय, जास्वंदीला शेंडा न्हाय. कण्हेर तेवढी उभी, तिला जनावर तोंड लावत न्हाय. आणि मधोमध एक मेंढी, जास्वंदीची शेवटची फांदी तोंडात धरून माझ्याकडं अशी बघती, जसा काय मीच पाव्हणा! खत मात्र पडलं होतं हां, ते खोटं कशाला सांगू? पाय ठेवायला जागा नव्हती.

कौसल्या भाईर आली. बघितलं. ओरडली न्हाय हो… ओरडली असती तर बरं! शांतपणी म्हणली, "श्रेयाच्या हळदीला आता लेंड्यांचं गजरं घेऊन जावा." आणि गेली आत. तितनं फुडं बोलणं बंद. ताटात भाकरी पडायची, तिच्या आवाजावरनं वळखायचं आज राग किती हाय ते. मग मी बी बागंचं पाणी तोडलं. खुटांना पाणी घालून काय त्यांची खाट करायची?

फाल्गुनात कॅनॉल सुटला, पाट फुटला, पाणी बागंत शिरलं. मी आडवायला सुदिक उठलो न्हाय. आणि तुमाला सांगतो… पाडव्याला गुढी उभारायला दारात गेलो तर खुटाखुटाला फुटवा! तुटल्या उसाचा खोडवा फुटतो ना, तस्सा! आणि फुटव्याच्या शेंड्याला काय? कळ्या! झुपकंच्या झुपकं! आबा खाटंवरनं म्हणत्यात, "ताण बसला त्याला. इंदापूरकडं डाळिंबाला न्हाय का देत? छाटायचं, पाणी तोडायचं, मग फूल." अवो आबा, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? "तू खताचं इचारलंस!" घ्या!

वैशाखात शेळगावला गेलो ते मोगऱ्याच्या दुरड्या घेऊन, वर वलं फडकं टाकून. मांडवात असा घमघमाट की आचाऱ्याचा मसाला मागं पडला! श्रेयानं आत्याच्या गळ्यात मिठी मारली, कौसल्या रडली, आणि मी बी डोळं पुसलं… चुलीचा धूर होता तितं, उगं काय तरी मनात आणू नका. मग कौसल्या माझ्याकडं बघून हसली हो! माघापासनं पयल्यांदा! तेवढ्यात भावजय म्हणली, "वन्सं, इतका मोगरा? करता तरी काय त्याला?" म्हणलं, आता आपलं नाव निघणार. मी टोपी सरळ केली. तर ही म्हणती, "काय न्हाय गं… एकदा लावलं की झालं!"

ऐकलंत? आणि तितल्या तितं मानसिंगाच्या धाकटीच्या हळदीचा बी शब्द दिला, चुलतभावाच्या पोरीचा बी दिला! तवापासनं दर माघात मी नारळ घेऊन म्हस्कूच्या मागं रानोमाळ हिंडतोय. त्यो बी आता भाव खातो, "बघतो तात्या, मेंढरांना इचारून सांगतो." पुरणपोळी खाल्ल्याबिगर मेंढरांचं मत कळत न्हाय त्याला! मग मेंढरं बागंत शिरत्यात, आणि गुलाब तरी वाचावा म्हणून मी काठी घेऊन उभा, आणि कौसल्या पायरीवर बसून च्या पीत म्हणती, "काय वो? एकदा लावलं की झालं, न्हाय का?"

मी बी मेंढरू हाकत हाकत म्हणतो… व्हय.